ओवाळणीतले शेअर

रतनबाईंची गाडी श्रीरामपुरात दहातोंड्यांच्या दारात थांबली, तेव्हा पंकजा कधीची येऊन ओट्यावर बसली होती. आत गेली नव्हती. वहिनीने दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा तिने, आक्का येऊ देत, म्हणून टाळलं. एरवी ती एवढी मानपानाची बाई नव्हे. पण आत गेलं की चहा येणार, चहा घेतला की बोलणं गोडीवर येणार, आणि गोड बोलून, ओवाळून, करंज्यांचा डबा घेऊन परत जायला ती या वर्षी राहुरीहून आली नव्हती.

रतनबाई श्रीगोंद्याहून निघाल्यापासून एकच गोष्ट तोंडात धरून आल्या होत्या. गुडघे सांभाळत त्या धाकट्या बहिणीशेजारी टेकल्या आणि घराकडे पाठ करून म्हणाल्या, "हर्षलला नव्या मालकानं कामावर ठिवलंय म्हनं. म्हंजी कंपनी घरातच हाय. आपलं नाव तेवढं पुसून टाकलं."

हर्षल म्हणजे भावाचा मुलगा, आणि ही बातमी पंकजालाही लागली होती. गेले पंधरा दिवस ती त्याच बातमीला उलटंपालटं करून बघत होती.

दिवाळीच्या तोंडावर मुंबईच्या न्यायाधिकरणाने निकाल दिला होता. दहातोंडे रोलर्स लिमिटेड, म्हणजे साखर कारखान्यांना लागणारे ऊस पिळायचे लोखंडी रोलर ओतणारी त्यांच्या बापाची कंपनी, दिवाळखोरीतून गुजरातच्या कोणा पार्टीने उचलली. जुने शेअर सगळे रद्द. शेअर बाजारातून कंपनीचं नाव काढून टाकलं. पंकजाच्या मोबाईलमध्ये आधी त्या नावापुढे शून्य आलं आणि दोन दिवसांनी नावही गेलं. ती जागा कितीदा तरी उघडून बघितली तिने. तिथे आता दुसरं काहीच नव्हतं, कारण दुसरे शेअर तिने कधी घेतलेच नव्हते.

दहातोंड्यांच्या लेकींना शेअर बाजार कधी लांबचा वाटला नाही, कारण तो भाऊबीजेच्या ताटातून घरात आला होता. पुंजारामांनी कंपनी बाजारात आणली त्याच वर्षी हा रिवाज सुरू केला. सोनं दिलं की ते सासरच्या कपाटात जातं, शेअर दिला की पोरगी भागीदार राहते, असं ते म्हणायचे. तेव्हा ताटात खरोखर कागद पडायचे. पुढे कागद गेले, सगळं खात्यावर आलं, तरी म्हातारा हट्टाने ताटात सुपारी टाकायला लावायचा. सुपारी पडली की बहिणींनी समजायचं, शेअर मागाहून खात्यावर येतील. आणि ते यायचे. पुंजाराम गेल्यावरही गोरक्षने त्यात खंड पडू दिला नाही.

दोन वर्षांपूर्वी मात्र ताटात सुपारी पडलीच नाही. सोन्याचं एकेक वेढणं, बोटात घालायचं साधं वळं, पडलं. दोघी बहिणी तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण गाडीत बसल्या त्या फणफणतच. गेल्या वर्षी गोरक्ष बँकांच्या बैठकीला मुंबईत होता, त्यामुळे भाऊबीजच झाली नाही. आज झाली तर झाली, अशा तयारीने पंकजा आली होती. तिला एकच विचारायचं होतं. ते वेढणं घालताना दादाला ठाऊक होतं का?

आतल्या खोलीत गोरक्ष पलंगाच्या कडेवर बसून बहिणींची कुजबूज ऐकत होता. शब्द कळत नव्हते, पण बायकांचं बोलणं आपल्याबद्दल आहे हे कळायला शब्द लागत नाहीत. त्याने नवा सदरा घातला होता. इतकी वर्षं मॅनेजिंग डायरेक्टर म्हणून वावरलेला माणूस, पण गेल्या वर्षभरात मान अशी खाली गेली होती की सदरा कोणा दुसऱ्याचा वाटावा. बहिणींना काय सांगायचं ते त्याने मनाशी जुळवून ठेवलं होतं. कायदा होता. कंपनीच्या आतली गोष्ट बाहेर सांगायची नाही, असा कायदा होता. खोटं नव्हतं ते. फक्त त्या वेळी त्या कायद्याचं त्याला फार बरं वाटलं होतं, बहिणींना तोंड दाखवायचं टळलं होतं, एवढं त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

"अहो, त्या आल्या आत," त्याची बायको ज्ञानेश्वरी दारातून म्हणाली. तो उठला.

चहा आला. रतनबाईंनी घेतला, पंकजाचा तसाच राहिला. थोडा वेळ पाऊसपाणी, कोणाचा ऊस कुठल्या कारखान्याला गेला, असलं झालं आणि मग रतनबाईंनी कप खाली ठेवून सरळ विचारलं, कंपनी परत घेतलीस का? पुढून सोडली आणि मागून धरली, असं श्रीगोंद्यात लोक बोलतायत. माझा जावई बोलतोय. त्याला मी काय सांगू?

गोरक्षच्या आधी हर्षल बोलला. पुण्यात शिकलेला, शांत डोक्याचा मुलगा. त्याने आत्याला समजावलं की ज्याने कंपनी बुडवली त्याला ती परत घेताच येत नाही, कायद्याने दार बंद आहे, घरच्यांनाही बंद आहे. आपल्याला खरेदी खात्यात पगारावर ठेवलंय, तेही सहा महिने बघून. ओतायला लागणारं भंगार कोणाकडून चांगलं मिळतं हे नव्या माणसांना ठाऊक नाही, म्हणून.

"पगार?" रतनबाईंनी अविश्वासाने विचारलं. "आज्याच्या कंपनीत?"

"हो आत्या. गेटवर कार्ड लावून आत जातो."

हे ऐकायला रतनबाई आल्या नव्हत्या. त्यांनी घरभर नजर फिरवली. कोपऱ्यातला मोठा टीव्ही गेला होता. शोकेसमधली पुंजारामांना मिळालेली चांदीची ढाल नव्हती. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं आणि गोरक्षने तितक्याच हळू सांगितलं, कर्जाला त्याने स्वतःची जामीनकी दिली होती, घरही त्यात होतं. गेल्या महिन्यात बँकेची माणसं येऊन खोल्या मोजून गेली. रतनबाईंचा चेहरा बदलला. भावावरचा संशय घेऊन दोन तालुके ओलांडून आलेली बाई, पण भावाच्या घराच्या खोल्या कोणी परका मोजून गेला म्हटल्यावर तिला तो संशय धरवेना.

"अरं मग आधी सांगायचं न्हाईस का, येड्या," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले. पंकजाला कळलं, आक्का गेली त्याच्या बाजूला. आता आपण एकट्या.

"दादा," ती म्हणाली, "त्या वर्षी सुपारीऐवजी वेढणं का घातलंस?"

गोरक्ष म्हणाला, सोनं वाढतंय, म्हटलं तुम्हाला उपयोगी पडेल. तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. धाकट्या बहिणीची ती नजर लहानपणापासून त्याला जड जायची.

"कळलं हुतं," तो शेवटी म्हणाला. "श्रावणातच कळलं हुतं. बँकांनी हात वर केले हुते. बुडती वस्तू तुमच्या ताटात टाकायला हात धजंना. म्हनून सोनं टाकलं. मला वाटलं, तुमी काय ते समजून घ्याल."

"आणि आधीचे? इतक्या वर्षांचे आमच्याकडे होते ते?"

मग कायदा आला. हर्षलनेही मान डोलावली. बाबांनी तुम्हाला सांगितलं असतं आणि तुम्ही विकले असते, तर बाबा आणि तुम्ही, दोघंही गुन्हेगार ठरला असता, असं तो म्हणाला. पंकजाने ऐकून घेतलं. तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच पुढचं कळायला सगळ्यांना क्षणभर वेळ लागला.

"मी विकले नाहीत. मी घेतले."

तिने सांगितलं ते असं. त्या भाऊबीजेनंतर राहुरीत कुजबूज सुरू झाली होती की दहातोंडे शेअर बाजारातून नाव काढणार. तिला आठवलं, काही वर्षांपूर्वी संगमनेरकडच्या एका कंपनीने असंच नाव काढलं होतं, आणि मालकाला लोकांकडून शेअर चढ्या भावाने विकत घ्यावे लागले होते. तिच्या शेजारणीच्या सासऱ्याने त्यात बंगला बांधला. पंकजाने दोन आणि दोन चार केले. दादाने आम्हाला शेअर द्यायचे बंद केले, कारण उद्या तेच त्याला महागात परत घ्यावे लागतील. सोन्यावर बोळवण केली. ठीक आहे, तू देत नाहीस तर मी बाजारातून घेते. शाळेचे गणवेश शिवायचा तिचा धंदा भाड्याच्या शेडमध्ये चालतो, स्वतःची शेड घ्यायची म्हणून तिने बारा मशिनींच्या कमाईतून साठवलेलं सगळं त्यात घातलं. अंगावरचं सोनं विकून तेही घातलं. दादाचं वेढणं तर सगळ्यात आधी मोडलं.

गोरक्षने डोळे मिटून घेतले.

हर्षलला राहवलं नाही. त्याने समजावायला सुरुवात केली, आणि ती समजावणी दोन वर्षं उशिरा आली आहे हे त्याचं त्यालाच बोलताना कळत गेलं. नाव काढायचे दोन प्रकार असतात आत्या. मालक आपण होऊन काढतो तेव्हा त्याला लोकांचे शेअर घ्यावेच लागतात, तेव्हा भाव येतो. दिवाळखोरीत नाव निघतं ते वेगळं. तिथे घेणारा कर्जाचा सौदा करतो. पैसा आधी बँकांना, कामगारांना, सरकारला. तिथेच पुरत नाही. शेअरवाल्याचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तिथवर काही येतच नाही.

"तुला कोनी सांगितलं हुतं घ्यायला?" रतनबाई एकदम पंकजावर उलटल्या. "माझ्याकडं हुते ते गेले, मी रडले, बसले. तू आनि इकत घेतलेस? भावाचा एवढा राग?"

"राग नव्हता आक्का. मला वाटलं, बापाच्या कंपनीतून तो मला बाहेर काढतोय."

नवऱ्याने घरी एका शब्दाने विचारलं नव्हतं, हेही ती बोलून गेली. त्याने भांडण काढलं असतं तर बरं वाटलं असतं. रोज सकाळी तो शेडचं भाडं द्यायला जातो आणि येताना भाजी आणतो, तेवढंच.

मग तिने दुसरा प्रश्न विचारला. हा प्रश्न ती इतके दिवस उशाला घेऊन झोपत होती. कंपनीचा शेअर कधी फारसा हलायचा नाही. चार-दोन लोक घ्यायचे, चार-दोन विकायचे. पण ती घेत होती त्या दोन महिन्यांत, मागेल तेवढा माल रोज मिळत गेला. कोणीतरी विकत होतं. सगळे घाबरून नव्हे, एकच कोणीतरी, सावकाश, हात राखून.

"तू विकत होतास का दादा? खरं सांग. मी तुझेच शेअर घेत होते का?"

"आईच्यान न्हाई," गोरक्ष म्हणाला. "माजा एक शेअर गेला न्हाई. मी बुडालो तो सगळा बुडालो."

हर्षल म्हणाला, बाबांना विकताच आलं नसतं, विकलं की बाजाराला कळवावं लागतं, सगळ्यांना दिसलं असतं. मग तो विचारात पडला. एवढे शेअर घराबाहेर होते कोणाकडे? आजोबांनी कंपनी बाजारात आणली तेव्हा लोक शेअरला पैसे भरत नव्हते, म्हणून त्यांनी सोयऱ्यांना गळ घातली होती. बहुतेकांनी पुढे विकून टाकले. मोठा गठ्ठा राहिला होता तो फक्त खर्ड्याला. बोलता बोलता हर्षल थांबला. खर्ड्याला म्हणजे बिभीषणमामाकडे, हे वाक्य त्याने पुरं केलं नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाने ते पुरं केलं आणि सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या.

ज्ञानेश्वरी तिथे ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. निरांजनाची वात सारखी करत होती, ती करतच राहिली.

तिला ती संध्याकाळ आठवत होती. श्रावणात, राखीच्या आदल्या दिवशी, हे कारखान्यातून आले आणि हात न धुता जेवायच्या पाटावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. कंपनी जाणार, म्हणाले. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने नवऱ्याला कधी रडताना बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती खर्ड्याला राखी बांधायला गेली. भावाने शेअर कशाच्या भरवशावर ठेवले होते ते तिला ठाऊक होतं, पोरीच्या लग्नाच्या. तिने हातात राखी बांधली आणि कानात सांगितलं. पुढे दिवाळीपर्यंत तो फोनवर रडगाणं गायचा, की घेणारंच कोणी मिळत नाही. दिवाळी झाली आणि त्याचा फोन आला, अक्के, देव पावला, कुनीतरी रोज घ्यायलंय. तिने देवापुढे साखर ठेवली होती.

कोण घेत होतं ते तिला आत्ता, या दारात कळलं.

"मी सांगितलं," ती म्हणाली.

"आई, गप," हर्षल पटकन म्हणाला. तो घाबरला होता. त्याने धाकट्या आत्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात ओळख राहिली नव्हती. ही बाई उद्या तक्रार करील का, एवढाच प्रश्न होता. रतनबाईंनीही पंकजाकडे तसंच बघितलं. काही वेळापूर्वी गोरक्ष संशयाच्या ज्या जागी होता, तिथे आता पंकजा येऊन बसली होती.

"गप कशाला राहू," ज्ञानेश्वरी म्हणाली. "कायदाबियदा मला कुनी सांगितला न्हवता. भाऊ बुडायलाय म्हटल्यावर सांगितलं. तुमी घेत व्हतात हे देवाशपथ ठाऊक न्हवतं, ताई."

पंकजाला वहिनीचा राग यायला हवा होता. ती वाट बघत राहिली, पण तो येईना. आला तो हेवा. खर्ड्याच्या त्या माणसाला एक बहीण होती आणि तिने त्याला सांगितलं. इतकी साधी गोष्ट होती ती.

"तुमच्या जागी मी असते तर हेच केलं असतं वहिनी," ती म्हणाली. "मी कुठे तक्रार करायला जाणार नाही. हर्षल, तू माझ्याकडे असा बघू नकोस." मग ती भावाकडे वळली. "दादा, कायदा होता, मान्य. पण कायदा तर वहिनींनाही सांगू नको म्हणत होता. त्यांना का सांगितलंस?"

या प्रश्नाची तयारी गोरक्षने केली नव्हती. म्हणून त्याच्या तोंडून जे खरं होतं तेच निघालं.

"ती घरातली हाय."

बोलल्यावर त्याला ते ऐकू आलं. त्याने पंकजाकडे बघितलं, हात थोडा पुढे केला, म्हणजे तसं नव्हे गं, असं काहीतरी म्हणायला. मग तो हात त्याने परत मांडीवर ठेवला. रतनबाईंनी मान खाली घातली आणि साडीचा काठ बोटावर गुंडाळत बसल्या. त्यांनाही ते लागलं होतं, फक्त त्यांचं वय आता असल्या गोष्टी मोजून घ्यायचं राहिलं नव्हतं.

मग त्यांनीच सूत्रं हातात घेतली. दिवस मावळला, ओवाळायचं राहिलंय, उठा, असं म्हणून त्यांनी पाट मांडायला लावला. गोरक्ष पाटावर बसला. टोपी घातली. रतनबाईंनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवलं आणि रडत रडत म्हणाल्या, "औक्षवंत व्हय रे बाबा." ताटात टाकायला गोरक्षने खिशातून एक नोट काढली. ती टाकताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रतनबाईंनी ती नोट कपाळाला लावली.

मग ताट पंकजाच्या हातात आलं. तिने ते घेतलं. वात खाली बसली होती ती पुढे ओढली, तूप घातलं. गोरक्षने तिच्यासाठी मान वर केली, कपाळ पुढे केलं. इतक्या वर्षांची सवय.

पंकजा त्याच्या समोरून वळली आणि ताट घेऊन ओट्यावर गेली.

कॅनॉलपलीकडच्या उसावर पश्चिमेला दिसणारी बीजेची बारीक कोर आता मावळायच्या बेतात होती. ज्या बाईला भाऊ नसतो ती या संध्याकाळी चंद्राला ओवाळते. गल्लीत कोणाच्या अंगणात ते बघितलं की लहानपणी या दोघी बहिणींना त्या बाईची कीव यायची.

"पंके, अगं तो हितं बसलाय," रतनबाई आतून म्हणाल्या. "भाऊ हितं बसलाय तुजा."

पाटावरून गोरक्षला उघड्या दारातून तिची पाठ दिसत होती. तिने कोरीकडे तोंड केलं, ताट वर उचललं आणि सावकाश ओवाळायला लागली. एकदा, मग पुन्हा, घाई न करता, त्याला ओवाळायची तशीच. दोन्ही बहिणींचं ओवाळून झाल्याशिवाय पाटावरून उठायचं नसतं. तो टोपी घालून तसाच बसून राहिला.